आईची सही

पोर्तुगीज लोकांत नाव ठेवण्याची एक रीत आहे. बाप्तिस्म्याच्या नावापुढे आधी आईच्या घराण्याचे नाव लागते आणि शेवटी वडिलांच्या घराण्याचे. शेवटचे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालते. आईकडचे नाव बहुधा एक पिढी टिकून गळून पडते. पण निदान एक पिढी तरी ते टिकते. वसईपासून गोव्यापर्यंत डिसिल्वा, परेरा, फरेरा ही आडनावे आपल्याकडे आली आणि रुजली, ही रीत मात्र फारशी रुजली नाही.

विसाव्या शतकातला एक थोर फुटबॉलपटू युसेबियो दा सिल्वा फरेरा याचे नाव या दृष्टीने निरखून पाहण्यासारखे आहे. 'युसेबियो' हे मूळचे ग्रीक नाव. त्याचा अर्थ भक्तिमान. चौथ्या शतकात कैसरिया येथे याच नावाचा बिशप होऊन गेला आणि त्याने ख्रिस्तसभेचा पहिला विस्तृत इतिहास लिहिला. 'सिल्वा' म्हणजे रान. 'फरेरा' हे लोखंडाशी नाते सांगणारे नाव. रान आणि लोखंड ही दोन्ही नावे वडिलांकडची, कारण वडिलांचे पूर्ण नाव होते लौरिंदो आंतोनिओ दा सिल्वा फरेरा. आईचे नाव एलिझा आनिसाबेनी. मुलाच्या नावात आनिसाबेनी कुठेच नाही.

वडील या मुलाला आठ वर्षे लाभले. पुढचे सारे आईने केले. तरीही त्याच्या गोलांच्या याद्या करणाऱ्यांनी आईला एखाद्या वाक्यापलीकडे जागा दिलेली नाही. ज्या घरातून तो आला आणि ज्या एका सहीने त्याचे आयुष्य वळले, त्यांचा वृत्तांत येथे देण्याचा हेतू आहे. गोल येतील, पण ओघाने.

मोझांबिक म्हटले की तो देश आपल्याला फार दूरचा वाटतो. इतिहासात तो तितका दूर नव्हता. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालत असे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा कोट घेतला, तोवर वसई आणि मोझांबिक ही एकाच पोर्तुगीज 'एस्तादो दा इंडिया'ची ठाणी होती. एकाच व्हाइसरॉयच्या हुकमाने दोन्हीकडचे अधिकारी नेमले जात आणि एकाच समुद्रातून जहाजे दोन्हीकडे जात-येत. पुढच्या काळात कित्येक गोवेकर कारकुनीसाठी, व्यापारासाठी मोझांबिकला गेले आणि तिथलेच झाले.

युसेबियोचा जन्म २५ जानेवारी १९४२ रोजी लोरेन्सो मार्केश या शहरात झाला. आज या शहराला मापुटो म्हणतात. १८९८ साली ते मोझांबिकची राजधानी झाले, आणि ते वाढले ते रेल्वेमुळे. जोहान्सबर्गच्या आसमंतात सोने सापडले, त्या खाणींना जवळचे बंदर हवे होते, म्हणून ट्रान्सवालपासून लोरेन्सो मार्केशपर्यंत लोहमार्ग पडला. सोन्याच्या खाणींसाठी माणसेही याच मुलखातून नेली जात. थोडक्यात, शहर पोर्तुगिजांचे, पैसा ट्रान्सवालचा आणि घाम आफ्रिकन माणसाचा.

त्या शहराचे दोन भाग होते आणि लोक त्यांना सरळ त्या नावांनीच ओळखत. एक सिमेंटचे शहर आणि दुसरे बोरूचे शहर. सिमेंटच्या शहरात रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, चर्च, सिनेमागृहे, कॅफे. त्याच्या कडेला बोरूचे शहर. तिथे आफ्रिकन लोक राहत, आणि तिथे पक्के दगड-विटांचे बांधकाम करण्यास सरकारची मनाई होती. आपल्याकडच्या जुन्या माणसांना कुडाची घरे आठवत असतील. पण आपल्याकडे कूड होता तो गरिबीमुळे. तिथे माणसाजवळ चार पैसे जमले तरी भिंत बांधण्याची सोय नव्हती. घर कच्चे असले म्हणजे ते केव्हाही हलवता येते आणि त्यात राहणारा माणूस शहराचा हक्कदार ठरत नाही, असा त्यामागचा हिशेब.

माफालाला ही वस्ती याच बाजूची. लाकूड आणि पत्रे यांची घरे, मधून वाळूच्या वाटा. उन्हाळ्यात पत्रा तापे, पावसात वाट तुंबे. पण या एका वस्तीने त्या देशाला काय काय दिले, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. जुझे क्रावेरिन्या हा मोझांबिकचा मोठा कवी येथला, नोएमिया दे सौझा ही कवयित्री येथली. स्वतंत्र मोझांबिकचे पहिले अध्यक्ष सामोरा माशेल आणि त्यांच्यामागून अध्यक्ष झालेले जोआकिम शिसानो यांनीही आयुष्याचा काही काळ माफालालात काढला. पोर्तुगालच्या संघात युसेबियोबरोबर खेळलेला इलारियो हा बचावपटूदेखील याच वस्तीचा. राज्यकर्त्यांनी शहराबाहेर ठेवलेल्या वस्तीतून कवी, अध्यक्ष आणि खेळाडू निघाले.

लौरिंदो हा अंगोलातल्या मालांजे गावचा गोरा पोर्तुगीज. अंगोला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मोझांबिक पूर्व किनाऱ्यावर. रेल्वेच्या नोकरीत तो लोरेन्सो मार्केशला होता. एलिझा मोझांबिकची काळी आफ्रिकन स्त्री. युसेबियो हे त्यांचे चौथे अपत्य. गोरा बाप आणि काळी आई असे कुटुंब त्या काळच्या वसाहतीत अगदीच अपूर्व नव्हते. तरीही त्याचा अर्थ समजून घ्यायला तिथल्या कायद्याकडे पाहावे लागते. पोर्तुगीज आफ्रिकेत १९६१ पर्यंत माणसांचे दोन वर्ग कायद्यानेच पाडलेले होते. एक नागरिक आणि दुसरे 'इंदिजिना', म्हणजे मूळ रहिवासी. मूळ रहिवाशाला नागरिकाचे हक्क नव्हते. त्याला सक्तीच्या मजुरीला धरून नेता येई. त्याला नागरिक व्हायचे असेल तर पोर्तुगीज भाषा, मिळकत आणि 'सुधारलेली' राहणी यांची परीक्षा अधिकाऱ्यासमोर द्यावी लागे. ती फार थोड्यांना पार करता आली. ज्यांच्या भूमीवर राज्य चालले होते, त्यांनाच त्या राज्यात नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागे, हा न्याय त्या वेळी कोणाला चमत्कारिक वाटला नाही, असे समजू नये. ज्यांना तो सोसावा लागला त्यांना तो वाटतच होता.

अशा समाजात घरातल्या कर्त्या पुरुषाला काही झाले तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. लौरिंदोला धनुर्वात झाला. आज ज्या दुखण्यावर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस मिळते, त्या दुखण्याने तो गेला. युसेबियो तेव्हा आठ वर्षांचा होता. एलिझाच्या पदरी मुलांचे खटले, भोवती पत्र्याची वस्ती, आणि कायद्याच्या वहीत तिच्या वर्णाच्या माणसाला जेमतेम जागा.

एलिझाने मुलाला शाळेत घातले, आणि मुलगा शाळा चुकवू लागला. जुन्या मोज्यात वर्तमानपत्रांचे कागद कोंबायचे, वर गाठ मारायची, की झाला चेंडू. पायात काही नाही, मैदान म्हणजे मोकळी वाळू. वाळूतून अनवाणी धावणाऱ्याच्या पोटऱ्या कशा होतात, हे आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी मुलांना माहीत आहे. पुढे इंग्रज वार्ताहरांनी त्याच्या वेगाचे आणि उजव्या पायाच्या फटक्याचे वर्णन करताना चित्त्यापासून तोफेपर्यंत सर्व उपमा वापरल्या. कागदाचा चेंडू आणि वाळू यांची आठवण मात्र थोड्यांनाच झाली.

वस्तीतल्या मुलांनी एक संघ काढला होता. त्याचे नाव 'ब्राझिलियन्स'. प्रत्येक मुलाने ब्राझीलच्या एकेका नामांकित खेळाडूचे नाव घेतले होते. राज्य पोर्तुगालचे, भाषा पोर्तुगालची, पण या मुलांना आपले आदर्श लिस्बनमध्ये न सापडता ब्राझीलमध्ये सापडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ब्राझीलच्या संघात त्यांच्यासारख्या रंगाची मुले होती.

मग क्लबांचे दार. युसेबियो मनाने बेनफिकाचा. लिस्बनच्या त्या क्लबाची लोरेन्सो मार्केशमधली शाखा म्हणजे देस्पोर्तिवो. तिथे तो आपल्या सवंगड्यांबरोबर गेला. त्याला घेतले नाही. तेव्हा तो दुसऱ्या क्लबाकडे, स्पोर्टिंग लोरेन्सो मार्केशकडे गेला. तो क्लब लिस्बनच्या स्पोर्टिंगची शाखा, म्हणजे बेनफिकाच्या हाडवैऱ्याची. तिथे त्याला घेतले. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ या एका नकारात आहे.

तो पंधरा वर्षांचा असतानाची एक गोष्ट त्याने पुढे मुलाखतीत सांगितली आहे, आणि या लेखाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. इटलीच्या युव्हेंटस क्लबासाठी खेळाडू हेरणारा एक जुना गोलरक्षक त्याला पाहून गेला. मुलगा अजून कोणाला ठाऊक नाही तोवरच त्याला न्यावे, असा निरोप त्याने क्लबाला दिला. युव्हेंटसकडून विचारणा आली. एलिझाने कोणाचे काही ऐकूनच घेतले नाही. युव्हेंटस म्हणजे तुरीनचा धनाढ्य क्लब. त्याच्या मागे फियाट मोटारींचे घराणे. आणि पत्र्याच्या घरातली एक विधवा त्या क्लबाला नाही म्हणते! तिने नकार का दिला हे तिच्या शब्दांत कोणी लिहून ठेवलेले नाही. पण पंधरा वर्षांचे पोर, परकी भाषा, हजारो मैलांचे अंतर आणि अनोळखी माणसांचा शब्द, एवढे पाहिले तरी आईला कारण पुरते. गरिबाघरच्या माणसाला पैशापुढे विचार सुचत नाही असे सुखवस्तू माणसे मानतात. एलिझाची कृती त्या समजुतीला उत्तर आहे.

तीन वर्षांनी पुन्हा दारावर माणसे आली. या वेळी लिस्बनची. ब्राझीलकडून १९५० च्या विश्वचषकात खेळलेला बावर नावाचा खेळाडू १९६० साली एक ब्राझिलियन संघ घेऊन आफ्रिकेत आला होता. त्याने युसेबियोला पाहिले. परतताना लिस्बनमध्ये एका केशकर्तनालयात त्याची गाठ बेनफिकाचा प्रशिक्षक बेला गुटमान याच्याशी पडली, आणि तिथे खुर्चीत बसल्या बसल्या हे नाव गुटमानच्या कानावर गेले, अशी हकीकत आहे. गुटमान हंगेरीचा ज्यू. नाझींच्या काळात श्रमछावणीतून निसटून तो जगला होता. त्याचे वडील आणि बहीण मात्र त्या संहारात गेले. युसेबियो दुसऱ्याच्या हाती जाण्याच्या आत त्याला आणले पाहिजे, हे त्याने ताडले.

स्पोर्टिंगला वाटत होते की मुलगा आपल्याच शाखेत खेळतो, तेव्हा तो आपलाच. त्यांनी त्याला उमेदवार म्हणून, मोबदल्याशिवाय, लिस्बनला न्यायचे ठरवले होते. बेनफिकाने वेगळा मार्ग धरला. त्यांची माणसे घरी गेली आणि आईशी व थोरल्या भावाशी बोलली. रक्कम सांगितली. भावाने दुप्पट मागितली. क्लबाने ती दिली. करारावर आईने सही केली आणि पैसे आईच्या हाती आले. ही हकीकत स्वतः युसेबियोचीच आहे. एका क्लबाने शाखेचा हक्क सांगितला, दुसऱ्याने घरच्या वडीलधाऱ्या माणसाला विचारले. दोन क्लबांचे भांडण पुढे महिनोन्‌महिने गाजले, अपहरणाचे आरोप झाले, पण मुळात काय घडले ते एवढेच.

युव्हेंटसला नाही म्हणणारी आई बेनफिकाला हो का म्हणाली? मुलगा आता अठरा वर्षांचा होता. लिस्बनमध्ये भाषा तरी कळणार होती. त्याहून एक मोठे कारण असावे असे मला वाटते. त्या क्लबात आपला एक माणूस होता. त्याचे नाव मारियो कोलुना. कोलुना मोझांबिकचा, युसेबियोपेक्षा साडेसहा वर्षांनी मोठा, आणि बेनफिकात एव्हाना मानाला पोचलेला. एलिझाने मुलाबरोबर त्याच्यासाठी एक चिठ्ठी दिली. माझ्या मुलाकडे लक्ष ठेव, एवढाच तिचा आशय. परगावी निघालेल्या मुलाच्या हाती तिथल्या आपल्या माणसाच्या नावे चिठ्ठी देणे, हे मुंबईला नोकरीसाठी मुले धाडणाऱ्या आपल्या घरांना नवे नाही. करार क्लबाशी झाला होता, पण आईचा विश्वास त्या चिठ्ठीवर होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

डिसेंबर १९६० मध्ये युसेबियो विमानात बसला तो स्वतःच्या नावाने नव्हे. स्पोर्टिंगला सुगावा लागू नये म्हणून बेनफिकाने त्याला 'रूथ मालोसो' हे सांकेतिक नाव दिले होते, आणि तारांमधून निरोप जात ते रूथबद्दल. बायबलमधली रूथ आपली माणसे आणि मुलूख सोडून परक्या देशात सासूमागे गेली, तिचे नाव या प्रवासाला मिळावे हा निव्वळ योगायोग. पण योगायोग खरा. लिस्बनला उतरल्यावर त्याला काही दिवस दक्षिणेकडे आल्गार्व्हमधल्या एका हॉटेलात दडवून ठेवले होते. अठरा वर्षांचा मुलगा, डिसेंबरची थंडी, आणि बाहेर दोन क्लबांचे वकील. त्याची नोंदणी होईपर्यंत मे महिना उजाडला. २३ मे १९६१ रोजी तो बेनफिकाकडून पहिला सामना खेळला आणि त्यात त्याने तीन गोल केले. जूनमध्ये पॅरिसला पेलेच्या सांतोस संघाशी गाठ पडली. बेनफिकाचा धुव्वा उडत असताना त्याला बदली म्हणून उतरवले आणि काही मिनिटांतच त्याने तीन गोल केले. सामना सांतोसने ६-३ असा जिंकला, पण फ्रेंच वृत्तपत्रांना एक नवे नाव मिळाले.

कोलुनाने चिठ्ठीचा मान राखला. तो संघात या मुलाचा पालकच झाला. २ मे १९६२ रोजी अ‍ॅम्स्टरडॅमला युरोपियन चषकाचा अंतिम सामना झाला. समोर रेआल माद्रिद, त्यात डी स्टेफानो आणि पुश्काश. मध्यंतराला माद्रिद ३-२ असे पुढे. कोलुनाने बरोबरी साधली. मग बेनफिकाला पेनल्टी मिळाली. वीस वर्षांच्या युसेबियोने चेंडू उचलण्याआधी 'सिन्योर कोलुना, मी मारू का?' असे विचारले, ही आठवण तो पुढे आवर्जून सांगे. गोल झाला, पाठोपाठ त्याचाच आणखी एक. ५-३. सामना संपल्यावर त्याने डी स्टेफानोचा सदरा मागून घेतला आणि गर्दीत तो कोणी ओढून नेऊ नये म्हणून जिवापाड जपला. त्याला चषकापेक्षा त्या सदऱ्याचीच काळजी जास्त होती असे दिसते.

येथे १९६१ या वर्षाकडे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगोलात उठाव झाला. मे महिन्यात बेनफिकाने पहिल्यांदा युरोपियन चषक जिंकला. सप्टेंबरमध्ये नागरिक आणि मूळ रहिवासी हा कायद्यातला भेद रद्द झाला, अर्थात जगाची टीका असह्य झाल्यावर. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्याचा राग सालाझारच्या सरकारने मोझांबिकमधल्या भारतीयांवर काढला. भारताचे नागरिक असलेल्यांना छावण्यांत डांबले आणि पुढे देशाबाहेर घालवले. कित्येक पिढ्या तिथे दुकाने चालवणारी माणसे एका रात्रीत शत्रू ठरली. सालाझार सांगत असे की मिन्यो नदीपासून तिमोरपर्यंत पोर्तुगाल हे एकच राष्ट्र आहे, त्यात वर्णभेद नाही. आणि या म्हणण्याला पुरावा म्हणून दाखवायला त्या राजवटीला एक हसतमुख, सावळा तरुण मिळाला. सप्टेंबर १९६४ मध्ये मोझांबिकमध्ये स्वातंत्र्याचे युद्ध पेटले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९६६ च्या विश्वचषकात, पोर्तुगालच्या संघाचा कर्णधार कोलुना होता आणि युसेबियो, इलारियो व व्हिसेंत हे तिघेही मोझांबिकचेच. ज्या देशाशी युद्ध चालले होते त्याच देशाच्या चार मुलांनी पोर्तुगालला जगात तिसरे स्थान मिळवून दिले.

त्या स्पर्धेतला उत्तर कोरियाविरुद्धचा सामना जुन्या रसिकांना पाठ आहे. लिव्हरपूलमधील गुडिसन पार्क, २३ जुलै. पंचवीस मिनिटांत पोर्तुगाल ०-३ ने मागे. मग युसेबियोचे एकामागून एक चार गोल, आणि शेवटी ५-३. उपांत्य फेरीत इंग्लंडकडून १-२ अशी हार झाली. वेम्बलीवरून तो सदऱ्याने डोळे पुसत, हुंदके देत बाहेर आला. पोर्तुगालमध्ये त्या सामन्याला आजही 'अश्रूंचा सामना' म्हणतात. स्पर्धेत सर्वाधिक, नऊ गोल त्याचेच.

अशा खेळाडूला इटलीतून मोठमोठ्या मागण्या आल्या. त्याला जाऊ दिले गेले नाही. सालाझारने आपल्याला राष्ट्राची ठेव ठरवून अडकवले, असे तो पुढे उघडपणे सांगत असे. पंधराव्या वर्षी आईने नाही म्हटले ते मुलासाठी. पंचविशीत राज्यकर्त्याने नाही म्हटले ते राज्यासाठी. दोन नकारांतले हे अंतर त्याला चांगले कळत असले पाहिजे. तरी राजकारणावर तो बोलत नसे. त्याबद्दल त्याला बोल लावणारे होते आणि आहेत. कोणी म्हणे तो राजवटीचे बाहुले झाला. मला हा आरोप कडक वाटतो. बोलणाऱ्याचे त्या राजवटीत काय होई, हे त्याच्याच वस्तीतल्या क्रावेरिन्याला विचारावे; गुप्त पोलिसांनी त्या कवीला तुरुंगात टाकले होते. आणि मोझांबिकमध्ये आई होती.

संसार त्याने १९६५ साली मांडला. पत्नीचे नाव फ्लोरा. दोन मुली झाल्या. त्याच वर्षी युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, सोन्याचा चेंडू, त्याला मिळाला. प्रसिद्ध खेळाडूंच्या घरांबद्दल वृत्तपत्रांना नेहमी काही ना काही मिळते. या घरातून त्यांना फारसे काही मिळाले नाही. शेवटपर्यंत पत्नी तीच राहिली, शहर तेच राहिले, क्लबही मनाने तोच राहिला. आपल्याकडे याला काही विशेष म्हणणार नाहीत. पण एवढ्या प्रसिद्धीत ते किती अवघड असते, हे त्याच्या पिढीच्या इतर थोर खेळाडूंची चरित्रे वाचली म्हणजे कळते.

शरीराने मात्र मोल घेतले. डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या, एकूण सहा. बेनफिकासाठी ४४० सामन्यांत ४७३ गोल, हा आकडा त्या गुडघ्यासह वाचावा. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली, राजवट कोसळली, आणि २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाले. त्याच वर्षी युसेबियोने बेनफिका सोडले आणि अमेरिकेची वाट धरली. ज्या काळात त्याच्या खेळाला खरी किंमत मिळाली असती त्या काळात त्याला बांधून ठेवले, आणि गुडघा गेल्यावर मोकळे केले. बॉस्टन, टोरांटो, लास व्हेगास असा तो हिंडला. मध्येच पोर्तुगालला येऊन बेइरा-मार या लहानशा क्लबाकडून खेळला. त्या क्लबाचा सामना बेनफिकाशी आला तेव्हा आपण गोलावर फटका मारणार नाही असे त्याने जुन्या सोबत्यांना आधीच सांगून टाकले, आणि फ्री किक मिळाली तरी मारली नाही. व्यावसायिक खेळाडूला हे शोभते का, हा वाद घालता येईल. घरच्या माणसावर हात उचलत नाहीत, हे ज्याला लहानपणी शिकवलेले असते त्याला तो वाद कळत नाही.

स्वातंत्र्यानंतर कोलुना मोझांबिकला परतला. तिथे तो फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला, संसदेतही बसला. युसेबियो लिस्बनला राहिला. बेनफिकाचा आणि पोर्तुगीज संघाचा तो जणू राजदूतच होता. सामन्यांच्या वेळी गळ्यात पांढरा पंचा घेऊन तो मैदानाच्या कडेला बसलेला दिसे. चिठ्ठी देणारी आई, चिठ्ठी नेणारा मुलगा आणि ती उघडणारा कोलुना या तिघांपैकी एकाने परक्या देशाला घर मानले, एवढाच त्याचा अर्थ. कोणाचा मार्ग अधिक खरा हे ठरवण्याचा अधिकार दूर बसलेल्या आपल्याला नाही. ज्यांची मुले आखातात, लंडनला, कॅनडात स्थायिक झाली आहेत, त्या घरांना तर तो मुळीच नाही.

५ जानेवारी २०१४ रोजी पहाटे हृदयविकाराने युसेबियोचे निधन झाले. वय ७१. सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. त्याच्या इच्छेप्रमाणे शवपेटी बेनफिकाच्या मैदानाभोवती फिरवण्यात आली. मग जवळच्या चर्चमध्ये मिस्सा झाली आणि भर पावसात लुमियारच्या कबरस्तानात दफन झाले. दीड वर्षाने, ३ जुलै २०१५ रोजी, संसदेच्या ठरावाने त्याचे अवशेष सांता एंग्रासिया या वास्तूत हलवले. मूळचे हे चर्च. सतराव्या शतकात त्याची पायाभरणी झाली आणि काम इतके रेंगाळले की कधीच न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीज माणूस 'सांता एंग्रासियाचे काम' म्हणू लागला. अखेर घुमट चढला तो १९६६ साली, सालाझारच्याच अमलात, आणि तिथे राष्ट्रपुरुषांचे स्मारक झाले. राष्ट्राध्यक्षांच्या, साहित्यिकांच्या पंगतीत बसलेला हा पहिला फुटबॉलपटू.

युसेबियोच्या दफनानंतर सात आठवड्यांनी, २५ फेब्रुवारी २०१४ रोजी, मापुटोमध्ये मारियो कोलुना वारला. एलिझाची चिठ्ठी ज्याच्या नावे होती, तो मुलाच्या मागोमाग गेला.